सेल्फ काढायचा म्हणजे

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या कारखान्यांत मोटारसायकलला सेल्फ बसवला जातो आणि त्याच रस्त्याने तीसेक किलोमीटर पुढे मंचरला, मग नारायणगावला, आळेफाट्याला तो काढून टाकला जातो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागच्या फळीवर नजर टाकली की हे दिसतं. ऑइलने काळ्या पडलेल्या सेल्फ मोटारी तिथे एकीवर एक पडलेल्या असतात. शेजारच्या खोक्यात रिले, दातेरी चक्रं, जाड लाल वायरीचे तुकडे. प्रत्येक मोटारीची कथा थोड्याफार फरकाने सारखीच. गाडीचं इंजिन गेलं, दुसरं इंजिन आलं आणि ते बसवताना गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, ते सेल्फचं लफडंच काढून टाका. किकवर चालू द्या."

मिस्त्री काढतोही. पण कसा काढतो, कुठल्या इंजिनातून काढतो आणि घरात ती गाडी कोण कोण चालवतं, यावर ते काम साधलं की गाडीचं वाटोळं झालं हे ठरतं. इतक्या गाड्यांना लागू असलेली ही गोष्ट मराठीत कुणी नीट लिहून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा लेख जरा तपशिलात जाणार आहे.

आधी इंजिन बदलायची वेळ का येते ते पाहू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांनी या भागात ऊस आणला, भाजीपाला आणला, गोठे वाढवले. या सगळ्याची गावातल्या गावातली ने-आण मोटारसायकलवर होते. सकाळी दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, दुपारी मागे टोमॅटोचे कॅरेट, संध्याकाळी उसाच्या वाढ्याचा भारा, मध्येच फवारणीचा पंप. पश्चिमेला आहुपे, तळेघर, भीमाशंकरची चढण, इकडे नाणेघाट-माळशेजच्या बाजूचे रस्ते. शंभर सीसीची गाडी दोन माणसं आणि क्विंटलभर ओझं घेऊन दुसऱ्या गिअरवर तासभर चढते. ऑइल वेळेवर बदललं जात नाही. मग पिस्टन-रिंगा जातात, धूर येतो, एकदा बोअर होतं, दुसऱ्यांदा होतं आणि शेवटी क्रँक आवाज करू लागतो. तिथे मिस्त्री हिशेब मांडतो. क्रँक, बेअरिंग, ब्लॉक, पिस्टन, हेडचं काम आणि मजुरी, या सगळ्यापेक्षा अपघातात चेसिस वाकलेल्या गाडीचं चांगलं इंजिन स्वस्त पडतं. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतात, जुन्या बाजारात बरंच काही मिळतं आणि जवळपासच्या भंगारवाल्यांकडेही अशी इंजिनं येत राहतात.

यात एका इंजिनाचं कुटुंब फार मोठं आहे. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हींत आडवं, ९७.२ सीसीचं इंजिन, बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५. पॅशन, सीडी डॉन, सीडी डिलक्स आणि मग एचएफ डिलक्स याच घराण्यातल्या. वर्षांप्रमाणे बारीकसारीक फरक आहेत, पण मूळ मांडणी इतकी सारखी की जुन्या स्प्लेंडरच्या चेसिसमध्ये पुष्कळ नंतरच्या एचएफ डिलक्सचं इंजिन बसवताना मिस्त्रीला फार डोकं लावावं लागत नाही. फाउंडेशनचे बोल्ट जुळतात, सायलेन्सर जुळतो, चेन जुळते. घोडं अडतं ते विजेपाशी. जुनी गाडी फक्त किकची. हँडलवर सेल्फचं बटण नाही, वायरिंगमध्ये रिले नाही, बॅटरी अडीच ॲम्पिअर-अवरची, तीही हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. आलेल्या इंजिनाला मात्र सेल्फ मोटार लटकलेली. मग दोनच वाटा उरतात, वायरिंग नव्याने ओढा नाहीतर सेल्फ काढा. दहातले नऊजण दुसरी वाट धरतात आणि स्प्लेंडरसारख्या गाडीच्या बाबतीत मला ती वाट पटते.

सेल्फ बिघडतो का, हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. बटण दाबलं की बारीक वीज रिलेला जाते, रिले आतला मोठा संपर्क जोडतो आणि बॅटरीतून मोटारीकडे एकदम लोंढा सुटतो. लहान गाडीतही क्षणभर तीस-चाळीस ॲम्पिअरच्या घरात. ३५ वॉटचा हेडलाइट साधारण तीन ॲम्पिअर खातो, त्यावरून अंदाज यावा. मोटार फिरते, तिची गती चेनने किंवा दातेरी चक्रांनी कमी होते आणि ती मॅग्नेटच्या पाठीमागच्या वन-वे क्लचला मिळते. या क्लचमध्ये छोटे पोलादी रोलर असतात. मोटार क्रँकला फिरवू लागली की रोलर अडकतात, इंजिन स्वतःच्या जोरावर फिरू लागलं की सुटतात. त्यामुळे चालू इंजिन मोटारीला ओढत नेत नाही. साधी, सुंदर रचना आहे.

आता दुधाची फेरी डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाचला निघालेली गाडी दर दोनशे पावलांवर थांबते, बंद होते, पुन्हा चालू होते. प्रत्येक सेल्फला बॅटरीतून जेवढं जातं तेवढं भरून यायला गाडी सलग काही किलोमीटर पळावी लागते, आणि ती तशी पळतच नाही. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना दिवसाही दिवा चालूच असतो, त्याचा वाटा वेगळा. जुन्नरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बॅटरीची ताकद आणखी उतरते आणि गारठलेलं ऑइल क्रँकला जड करतं. अशा अर्धवट बॅटरीवर सेल्फ मारला की पिस्टन दाबाच्या टोकापर्यंत जातो, ओलांडू शकत नाही आणि उलटा फेकला जातो. त्या क्षणी रोलर अडकलेले असतात. उलटा दणका थेट त्यांच्यावर बसतो. असे पाच-पन्नास दणके खाल्ले की रोलरची बैठक झिजते. मग बटण दाबल्यावर मोटार नुसतीच घरघरते आणि इंजिन ढिम्म हलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं मोटार गेली. मोटार ठणठणीत असते. गेलेला असतो क्लच, आणि त्याला मारलेलं असतं वेळेवर न बदललेल्या बॅटरीने. बुलेटच्या २००८-०९ नंतरच्या इंजिनांत याच भागाचं, ज्याला मिस्त्री स्प्रॅग म्हणतात, दुखणं जगजाहीर आहे. तिथेही सुरुवात बहुधा उतरलेल्या बॅटरीपासूनच होते.

बॅटरीनेच सेल्फचा घात करावा हे नवं नाही. मोटारगाडीत सेल्फ आला १९१२ साली, चार्ल्स केटरिंगने कॅडिलॅकसाठी बनवलेला. त्याआधी पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचं आणि उलट्या झटक्याने मनगट मोडून घ्यायचं. लगेच १९१४ साली अमेरिकेतल्या इंडियन मोटारसायकल बनवणाऱ्या हेंडी कंपनीने सेल्फची गाडी काढली, हेंडी स्पेशल. त्या वेळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलवला नाही आणि गाडी फसली. पुढे होंडाने १९६९ च्या सीबी ७५० मध्ये सेल्फ दिला, पण सोबत किकही ठेवली. आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने बटणावर चालू होणारी स्कूटर घराघरांत नेली. मोटारसायकलमध्ये सेल्फची चटक लावली ती बजाजच्या पल्सरने. नोव्हेंबर २००१ मध्ये ती १५० आणि १८० सीसीत आली आणि तिचं घर चाकणच. मंचर-नारायणगावच्या पोरांनी मित्राच्या पल्सरवर पहिल्यांदा अंगठ्याने गाडी चालू केली, तेव्हा किक हा म्हाताऱ्यांचा प्रकार वाटू लागला. त्या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्यात आणि त्यांचीच इंजिनं टेबलावर खोललेली दिसतात.

आता टेबलाकडे येऊ. सेल्फ काढायच्या कामात मिस्त्रीचा हात कसा आहे हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं. चांगला मिस्त्री आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडतो. कारण बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून मोटारीपर्यंत जी जाड केबल असते, तिच्या वाटेत फ्यूज नसतो. पाना एका बाजूने पॉझिटिव्हला आणि दुसऱ्या बाजूने चेसिसला टेकला की ठिणगी उडते, पाना चिकटतो, आणि वर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपत असेल तर पुढचं सांगायला नको. तीच केबल मोटार काढल्यावर नुसती टेप गुंडाळून इंजिनाशेजारी लोंबत ठेवलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. इंजिनाच्या उष्णतेने टेप सुटते, खडबडीत रस्त्यावर वायर घासते आणि एक दिवस उघडं तांबं चेसिसला लागतं. मोटार काढायची असेल तर केबल बॅटरीच्या टोकापासून काढायची. अर्धवट ठेवायची नाही.

पुढची चूक याहून वाईट, कारण ती दिसत नाही. पुष्कळ गाड्यांत मुख्य फ्यूज रिलेच्या अंगावरच बसवलेला असतो. सेल्फ नको म्हणून रिले उपटला की त्यासोबत सगळ्या गाडीचा फ्यूजही जातो. मग गाडीला वीज मिळेना म्हणून दोन वायरी थेट जोडून टाकल्या जातात. गाडी चालू होते, दिवा लागतो, हॉर्न वाजतो, गिऱ्हाईक खूश. पण आता कुठेही शॉर्ट झालं तर अडवणारं कुणी नाही, अख्खं वायरिंग सीटखाली जळतं. रिले काढायचा असेल तर त्याच ताकदीच्या फ्यूजची वेगळी डबी बसवून घ्या. ही डबी अगदी स्वस्तात मिळते. तिच्यासाठी हट्ट धरा.

विजेचं झालं की लोखंड. डाव्या बाजूचं मॅग्नेट कव्हर उघडलं की आत गोल जड मॅग्नेट दिसतो. त्याचा नट सोडून तो पुलरनेच काढायचा. हातोडीने ठोकला तर आतले चुंबक तडकतात, ते लगेच कळतही नाही, महिन्याभराने चार्जिंग कमी होतं आणि दोष बॅटरीवर जातो. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि त्याला जागेवर धरते एक अर्धचंद्राकृती चावी. ही चावी करंगळीच्या नखाएवढी असते. बसवताना ती जरा सरकली, कापली गेली, की ठिणगीची वेळ चुकते आणि मग किक उलटी मारते किंवा गाडी चढावर ओढत नाही. जुनी चावी कडेने दबलेली असेल तर नवीन टाकावी.

मॅग्नेट उलटा केला की पाठीला वन-वे क्लच, आणि क्रँकवर त्याचं मोठं दातेरी चक्र. इथे मिस्त्रींचे दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, मोटार आणि तिला जोडणारी चेन किंवा मधलं चक्र काढा, क्लचला हात लावू नका. दुसरा म्हणतो, ठेवायचं कशाला, मुळासकट काढा. क्लच धड असेल तर मी पहिल्यांच्या बाजूचा आहे. ते चक्र जागच्या जागी मोकळं फिरत राहतं, कुणाचं काही बिघडवत नाही आणि उद्या सेल्फ परत बसवायचा म्हटलं तर अर्धं काम झालेलं असतं. क्लचचे रोलर सैल झाले असतील, स्प्रिंग तुटल्या असतील, तर मात्र एक क्षणही आत ठेवू नये. रोलर पोलादी आणि शेजारी चुंबक. सुटलेला रोलर मॅग्नेटला चिकटतो आणि हजारो फेऱ्यांच्या वेगाने कॉइलच्या तांब्यावर आपटतो. दोन सेकंदांत कॉइलची चाळण.

क्लच काढायचाच ठरला तर अंदाजपंचे काम नको. कंपनीने त्याच इंजिनाचं किकवालं मॉडेल विकलेलं असतं, त्याच्या पार्ट कॅटलॉगमध्ये क्रँकच्या त्या टोकावर काय काय आहे ते चित्रासह दिलेलं असतं. कॉलर आहे का, कुठला वायसर आहे, तिथे बघायचं आणि तसंच बांधायचं. किकवाल्या मॉडेलचा मॅग्नेट टाकायचा असेल तर त्याच्यासोबतची कॉइल प्लेट आणि ठिणगी सोडणारा सीडीआयही त्याच जातीचे घ्यावेत. मॅग्नेटच्या अंगावर एक उंचवटा असतो, तो पिकअप कॉइलसमोरून जातो तेव्हा ठिणगी पडते. एका गाडीचा मॅग्नेट आणि दुसरीची कॉइल जमवली तर तो उंचवटा भलत्या जागी येतो. मग कार्ब्युरेटर खोलून खोलून माणूस थकतो आणि दोष सापडत नाही.

राहिलं मोटारीचं भोक. क्रँककेसमध्ये मोटार जिथे शिरलेली होती तिथे आता आत ऑइल आणि बाहेर धूळ. ते भोक एम-सीलने बुजवलेलं सर्रास दिसतं. इंजिन तापतं, थंड होतं, एम-सील तडकतं, पहिल्याच पावसाळ्यात तिथून ऑइल ओघळायला लागतं आणि शेतातला गाळ आत. लेथवाल्याकडून ॲल्युमिनिअमची टिकली कातून घ्यावी, तिला ओ-रिंगसाठी खाच पाडून घ्यावी आणि मोटारीच्याच बोल्टांनी ती आवळावी. काम तासाभराचं आहे. नारायणगाव, मंचर, जुन्नर, तिन्हीकडे लेथ आहेत. त्याहून सोपा उपाय म्हणजे मधलं चक्र काढून घ्यायचं, वायर सोडायची आणि बंद मोटार आहे तिथेच बोल्टने आवळून ठेवायची. भोकाला तिच्यासारखं झाकण दुसरं नाही. थोडं वजन राहतं, राहू द्या. दूधवाल्याच्या गाडीला त्या वजनाने काही फरक पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. सेल्फ काढला म्हणजे बॅटरीची कटकट गेली, असं लोकांना वाटतं. ते इंजिनाच्या जातीवर आहे. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलमधून थेट येते. बॅटरी काढून घरी ठेवली तरी किकवर गाडी चालू होते. दुसऱ्या जातीचा सीडीआय बॅटरीवर चालतो. तिथे बॅटरी मेली की शंभर किका मारा, ठिणगी पडणार नाही. अशा इंजिनातून सेल्फ काढून काय मिळवलं? बॅटरी सांभाळायचीच आणि पायही झिजवायचा. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आलं, म्हणजे पेट्रोलच्या पंपाला वीज, संगणकाला वीज. ती इंजिनं आता जुन्या बाजारात येऊ लागलीत. इंजिन विकत घेण्याआधी मिस्त्रीला हा एक प्रश्न विचारा, "दादा, याची ठिणगी मॅग्नेटवर की बॅटरीवर?" गोलमोल उत्तर आलं तर ते इंजिन घेऊ नका.

दुसरा प्रश्न किकचाच. २०१२ साली आलेल्या पल्सर २०० एनएसला किक नाही, चाकणलाच बनणाऱ्या केटीएम ड्यूकला नाही, २०२१ ची नवी क्लासिक ३५० आली तीही किकशिवाय. या इंजिनांत किकचा शाफ्ट बसवायला जागाच दिलेली नाही. असल्या इंजिनाचा सेल्फ काढला तर गाडी उतारावरून सोडून गिअर टाकून चालू करायची, एवढंच हाती उरतं. घोडेगावच्या पेठेत, गर्दीत गाडी बंद पडल्यावर उतार कुठून आणणार? अशा इंजिनाचा सेल्फ दुरुस्तच करायचा. नवीन कार्बन ब्रश, साफ केलेला कम्युटेटर, चांगली बॅटरी, लागला तर क्लच. बहुतेक वेळा मोटारीत फक्त ब्रश झिजलेले असतात आणि त्यांची किंमत एका लीटर ऑइलपेक्षा फारशी जास्त नसते. ब्रश बदलायचा कंटाळा म्हणून अख्खा सेल्फ फेकणारे गॅरेजवाले मला मुळीच आवडत नाहीत.

ज्या इंजिनाला दोन्ही आहेत, त्याची किक तरी कामाची आहे का, हे सेल्फ काढायच्या आधी बघावं. वर्षानुवर्षं सेल्फवर चाललेल्या गाडीची किक गंजलेली असते, ऑइल सील कडक झालेलं असतं, आतल्या रॅचेटचे दात न वापरता अडखळतात. इंजिन टेबलावर आहे तोवर हे सगळं हाताशी आहे. एकदा चेसिसमध्ये चढवल्यावर पुन्हा उतरवणं म्हणजे दुप्पट मजुरी.

बुलेटबद्दल दोन शब्द. जुन्या बुलेटवाल्यांना सेल्फची गरज कधी वाटली नाही, कारण ते किक ताकदीने मारतच नाहीत. चावी लावायची, किक हळूहळू दाबत ॲम्पिअर मीटरचा काटा बघायचा, काटा मधोमध आला की डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून दाब सोडायचा, किक अजून थोडी खाली न्यायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एक सरळ, पूर्ण किक. ओतूरला, बेल्ह्याला साठीच्या पुढची माणसं ही किक चपलेवर मारतात. घाईत मारणाऱ्याचा घोटा मात्र ती सोडत नाही. सेल्फ काढून जुन्या इंजिनाकडे वळणाऱ्या तरुणाने आधी हे शिकून घ्यावं.

इतकं सगळं गॅरेजमध्ये ठरतं. पण सेल्फ काढायचा की नाही, हा निर्णय घरी व्हायला हवा, आणि तो होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. गॅरेजात गाडी घेऊन येतो घरातला कर्ता पुरुष. त्याचा पाय धड असतो. गाडी चालवणारे मात्र आणखी असतात. बारावीची मुलगी त्याच गाडीवर मंचरच्या कॉलेजला जाते. सुनेला मुलाला दवाखान्यात न्यायचं असतं. आजोबांचे गुडघे गेलेत पण सोसायटीत दूध घालायला तेच जातात. या माणसांना गाडी मिळाली ती बटणामुळे. मिस्त्रीने अर्ध्या तासात सेल्फ काढला की त्या संध्याकाळपासून ती पुन्हा बापावर, भावावर, नवऱ्यावर अवलंबून झाली. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आणि रात्र आहे. शेतीची वीज आठवड्यातले कितीतरी दिवस रात्रीच येते. माणसं बारा-एकला पाणी द्यायला उसात जातात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा जुन्नर वन विभाग म्हणजे बिबट्यांचा मुलूख. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे यावरूनच काय ते समजावं. दुचाकीवर बिबट्याने झेप घेतल्याच्या बातम्या इथे नवीन नाहीत. उसाच्या कडेला गाडी बंद पडली तर एका बटणावर दिवा आणि इंजिन दोन्ही चालू होणं, आणि अंधारात उतरून, स्टँड लावून, किक शोधणं, यात फार अंतर आहे. रात्री शेतावर जाणाऱ्या गाडीचा सेल्फ परवडत असेल तोवर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलट डोंगरपट्ट्यात, आहुपे-तिरपाडच्या बाजूला, जिथे नवी बॅटरी आणायला अर्धा दिवस मोडतो, तिथे मॅग्नेटवर ठिणगी देणारं आणि किक असलेलं इंजिन हेच खरं. तिथल्या माणसाने सेल्फ काढला तर त्याचं बरोबर आहे.

काढलाच, तर मोटार, रिले, चक्र, बोल्ट सगळं एका पिशवीत बांधून घरी आणा. मिस्त्रीच्या फळीवर ठेवू नका, ते पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं. गाडी विकाल तेव्हा पिशवी सोबत द्या.

आणि कागद. इंजिनाचा नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं की दोन्ही जुळत नाहीत. अपघात झाला, विम्याचा दावा लावला, की सगळ्यात आधी हेच बघितलं जातं. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर दावा राहिला बाजूला, पोलीस चौकीची पायरी चढावी लागते. त्यामुळे इंजिन घेताना विकणाऱ्याकडून पावती आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी मंजुरी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवून, आरसी देऊन नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्नर आणि आंबेगावच्या गाड्या एमएच-१४ च्या, त्यांचं कार्यालय पिंपरी-चिंचवडला. इतक्या लांब कोण जाणार म्हणून ही नोंद राहून जाते. दिवाळीच्या सुट्टीत इंजिन बदलून घेणार असाल तर जाण्याचा दिवस आजच ठरवून ठेवा.